फिरून मनसुबी

खोटा कागद करून एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढविण्याची विद्या फार जुनी आहे. तोंडी वचनापेक्षा लेखाला अधिक मान मिळू लागला, तेव्हापासून बनावट लेखही त्याच्या सावलीसारखा मागोमाग चालत आला. म्हणून एखाद्या राजवटीची न्यायबुद्धी पारखावयाची, तर नाडलेला मनुष्य पहिल्या निवाड्याविरुद्ध वरिष्ठांच्या दारी उभा राहिला असता त्याला कोणत्या अटीवर आत घेतले जाई, हे पाहावे.

मराठेशाहीत वतनाचा कज्जा उभा राहिला म्हणजे उभय वाद्यांकडून राजीनामे व जामीनकतबे घेत, त्यांच्या तकरिरा लिहून घेत, आणि लेख, साक्ष व भोगवटा यांची छाननी होऊन गोतसभेपुढे महजर होई. त्या महजरावर अक्षरशत्रू माणसाचीही जबाबदारी उमटलेली असे: पाटलाच्या नावाशी नांगर, न्हाव्याच्या नावाशी आरसा, अशा ज्याच्या त्याच्या धंद्याच्या निशाण्या तेथे असत, आणि सारा गाव ज्याचा साक्षी आहे असा कागद बनावट करावयाचा, तर सारा गावच फितवावा लागे. जिंकणाऱ्याने हरकी द्यावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरून हार कबूल करणारे येजितखत लिहून द्यावे, असा रिवाज होता. तरीही स्थानिक गोत पक्षपाती आहे असे ज्याला वाटे, तो दुसरे थळ मागू शके, परगण्याच्या गोताकडे जाई, आणि अखेर हुजुरास अर्ज करी. या व्यवस्थेचा दोष हा, की सत्ता पालटली म्हणजे जुना कज्जा नव्याने उकरला जाई, आणि नातवाला आजोबांचा वाद पुन्हा लढावा लागे.

इंग्रजी अमलात एल्फिन्स्टनच्या 1827च्या कायदेसंग्रहाने मुंबई इलाख्यातील अदालतींची उतरंड आखून दिली. परंतु सर्वांत वरच्या पायरीवर, म्हणजे विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलात जावयाचे, तर 1838च्या हुकुमान्वये दाव्याची किंमत 10,000 रुपये असावी आणि सहा महिन्यांत परवानगीचा अर्ज यावा, असा दंडक होता. राजाकडे विशेष अनुज्ञा मागण्याची वाट खुली होती खरी. पण समुद्रापलीकडे वकील उभा करणे ज्याला परवडे, त्याच्यासाठीच ती खुली होती.

दख्खनच्या कुणब्याला तर पहिल्या अदालतीची पायरीही जड होती. गहाण म्हणून सांगून खरेदीखतावर अंगठा घेतलेला, समन्स हाती न पडता एकतर्फी हुकूमनामा झालेला, आणि बेलीफ दारात आल्यावर प्रकरण कळलेले, अशा माणसाला अपिलाचा हक्क कागदावर असून काय उपयोग? 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या खतांवर होता, याचे मर्म येथे आहे. त्यानंतर आलेल्या 1879च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला खताच्या पोटात शिरून व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावयास लावले, शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमक्ष व्हावेत असे ठरविले, आणि लहान दाव्यांतील अपील बंद करून, कनिष्ठ निकाल तपासण्याचे काम जिल्हा न्यायाधीश व खास न्यायाधीश यांच्यावर सोपविले. अपील काढून घेऊन दुर्बलाचे रक्षण करणे हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु प्रत्येक वरची पायरी ही ज्याच्या गाठीला पैसा अधिक त्याचेच आणखी एक शस्त्र होते, हे ज्यांनी पाहिले होते, त्यांना त्यातील शहाणपण सहज कळण्याजोगे होते.

10 ऑक्टोबर 1949 रोजी प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपला. त्याच्या जागी आलेल्या सर्वोच्च न्यायालयात अपील नेण्यासाठी संविधानाच्या 133व्या अनुच्छेदात आरंभी 20,000 रुपयांची मर्यादा होती, आणि त्याखालील दाव्याला उच्च न्यायालयाने तो अपिलास योग्य असल्याचा दाखला द्यावा लागे. 1972च्या तिसाव्या दुरुस्तीने किमतीची ती अट गेली आणि सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न ही कसोटी आली. 136व्या अनुच्छेदाची विशेष अनुज्ञा तर सर्वोच्च न्यायालयाच्या विवेकावरच सोपविलेली आहे. जमिनीच्या मोलावरून न्यायाचे मोल ठरविण्याची रीत अशा प्रकारे दीड शतकाच्या आत मावळली, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि फसवणुकीचा प्रश्न बहुधा कायद्याचा नसून वस्तुस्थितीचा असतो, आणि वस्तुस्थितीची कसून छाननी पहिल्या न्यायाधीशासमोरच होते. म्हणून दोन एकरांच्या धन्याला खरा न्याय द्यावयाचा असेल, तर खताच्या पोटात शिरण्याची 1879ची ती तळमळ तालुक्याच्या न्यायालयातच जागी राहिली पाहिजे.