एका शब्दाचा वाद आणि ज्ञानाचे स्वातंत्र्य

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहावे, असा विश्वस्त मंडळींचा आग्रह झाला. मी कापडाचा व्यापारी. नागपूर विद्यापीठाची बी.कॉम.ची पदवी घेतली आणि लगेच दुकानाच्या गादीवर बसलो. आगमांचा अभ्यास नाही, इतिहासाचे शिक्षणही नाही. तरीही आपल्या विदर्भात घडलेले एक प्रकरण गेली काही वर्षे मनात घर करून आहे. ते पुढील पिढीला ठाऊक असावे, म्हणून हे धाडस.

आचार्य पुष्पदंत व भूतबली यांनी रचलेला 'षट्खंडागम' आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची नवव्या शतकातील 'धवला' टीका हे सिद्धांतग्रंथ शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर जतन झाले होते. यात्रेकरूंना त्यांचे केवळ दर्शन घडे, वाचन घडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे सेठ माणिकचंद यांच्या प्रयत्नांनी त्यांची नक्कल करण्याचे काम सुरू झाले. ते अनेक वर्षे चालले. हे काम करणारे गजपती शास्त्री व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी गुप्तपणे आणखी एक प्रत तयार केली. ती सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून पुढे इतर प्रती निघाल्या. त्या दांपत्याला दोष द्यावा की नमस्कार करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ती प्रत बाहेर आली नसती, तर हे ग्रंथ आणखी किती काळ कुलुपात राहिले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या प्रतींवरून ग्रंथाचे संपादन करण्याचे कार्य अमरावतीत झाले. तेथील किंग एडवर्ड कॉलेजात (नंतरचे विदर्भ महाविद्यालय) प्रा. हिरालाल जैन संस्कृतचे अध्यापन करीत. कारंजा येथील शास्त्रभांडारातील अपभ्रंश ग्रंथ त्यांनीच पूर्वी प्रकाशात आणले होते. भेलशाचे श्रीमंत सेठ लक्ष्मीचंद्र यांनी निधी दिला आणि १९३९ मध्ये 'धवले'चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. शास्त्रे छापण्यास समाजातील अनेकांचा विरोध होता. सिद्धांतग्रंथ वाचण्याचा गृहस्थांना अधिकार नाही, असेही म्हटले जात होते.

या पहिल्या खंडातील ९३ व्या सूत्रावरून मोठा वाद उद्भवला. हे सूत्र 'मणुसिणी', म्हणजे मानवी स्त्री, हिच्या गुणस्थानांविषयी आहे. हाती असलेल्या प्रतींत तेथे 'संजद' (संयत) हा शब्द नव्हता. टीकेचा अर्थ लावताना तो तेथे असला पाहिजे, नक्कल करणाऱ्याच्या हातून सुटला असावा, असे संपादकांना वाटले. मूळ पाठात ढवळाढवळ न करता त्यांनी तसे तळटीपेत नोंदविले. शब्द एकच, पण स्त्रीला त्याच पर्यायात मोक्ष आहे की नाही, हा दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांतील जुना प्रश्न त्यात गुंतला होता. साहजिकच खळबळ उडाली. पुढे १९४३-४४ मध्ये बनारस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत प्रा. हिरालाल यांनी आणखी एक पाऊल टाकले. दोन्ही संप्रदायांच्या शासनांत मूलभूत भेद आहे काय, हाच प्रश्न त्यांनी विद्वानांपुढे मांडला. मग तर विरोधाला उधाण आले.

त्या विरोधाचे स्वरूप मात्र पाहण्यासारखे होते. पंडितांनी लेख लिहिले, त्यांच्या प्रतिपादनाचे खंडन करणारे ग्रंथ छापले. भाषा पुष्कळदा कठोर होती, परंतु उत्तर लेखणीने दिले गेले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहिला, तेव्हा तेथे 'संजद' हा शब्द आढळला. त्याचा अर्थ भावस्त्रीपुरता घ्यावा की द्रव्यस्त्रीलाही लावावा, यावर मतभेद उरले. त्यात निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, वाद चालू असतानाही काम थांबले नाही. १९५८ मध्ये सोळावा खंड प्रसिद्ध होऊन धवलेचे प्रकाशन पूर्ण झाले. पैसा व्यापाऱ्याचा होता, मत विद्वानाचे होते, आणि दोहोंची गल्लत झाली नाही.

याच्या उलट चित्र ऑक्टोबर २००१ मध्ये दिसले. इतिहासकार रामशरण शर्मा यांच्या 'प्राचीन भारत' या शालेय पाठ्यपुस्तकात बहुतेक तीर्थंकरांच्या ऐतिहासिकतेविषयी शंका व्यक्त केली होती. त्यावर आपल्या समाजातूनही आक्षेप घेतले गेले होते. केंद्रीय पातळीवरून हा मजकूर आणि इतर पुस्तकांतील आणखी काही परिच्छेद वगळण्यात आले. ते शिकवू नयेत, वर्गात त्यांवर चर्चाही होऊ नये, अशी सूचना शाळांना गेली. शर्मा यांचे हेच पुस्तक १९७८ मध्येही मागे घेण्यात आले होते.

त्या वेळी मला आनंद झाला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. आणखी एक कबुलीही द्यावयाची आहे. त्याच सुमारास माझी मुलगी नववीत होती. चोवीसपैकी शेवटच्या दोन तीर्थंकरांनाच इतिहासकार ऐतिहासिक व्यक्ती मानतात, असे तिच्या वर्गात एका शिक्षकांनी सांगितले. आम्ही चार-पाच पालक मुख्याध्यापकांना भेटलो. मीच सर्वांत पुढे होतो. शिक्षकांनी आमच्यासमोर हात जोडून क्षमा मागितली. त्यानंतर ते वर्गात पुस्तकातले तेवढेच वाचून दाखवीत. काही दिवसांनी मुलीने विचारले, "पप्पा, सर खोटं बोलले होते का?" मी निरुत्तर झालो. कारण ते खोटे बोलले नव्हते. श्रद्धेची भाषा आणि इतिहासाची भाषा वेगळी असते, एवढेच ते सांगत होते. ते मी तिला समजावून सांगावयास हवे होते. मी शिक्षकांनाच गप्प केले.

पुढे वाचनात आले की, एके काळी लासेन, वेबर यांच्यासारखे युरोपीय पंडित जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा समजत. ही समजूत कोणत्या आदेशाने पुसली गेली नाही. हर्मन याकोबी यांनी आगमांचा आणि बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास केला आणि १८८४ मध्ये आचारांग व कल्पसूत्राच्या भाषांतराला जोडलेल्या प्रस्तावनेत ती पुराव्यांनिशी खोडून काढली. पार्श्वनाथांची ऐतिहासिकताही त्यांनी मान्य केली. आपल्या धर्माचे स्वतंत्र स्थान जगाने मानले, ते मोकळ्या अभ्यासाच्या बळावर. त्याच मोकळीकीचा आपण आपल्या गावच्या शिक्षकाला लाभ देऊ नये काय?

आपल्या भद्रावतीचेच पाहा. एकाच गावात पार्श्वनाथ प्रभूंचे तीर्थ, भद्रनागाचे मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी आहेत. भक्ताला तेथे स्वप्नात दर्शन देणारे प्रभू भेटतात आणि संशोधकाला तेथे प्राचीन नगरीचे अवशेष दिसतात. दोघांनीही तेथे निर्भयपणे यावे. अनेकांत म्हणतात तो आणखी काय असतो?

हा प्रश्न आपल्या समाजापुरता नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. पुढे तिच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहिला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याची बाजू न्यायालय पाहील. पण भगवान महावीरांनी उपदेश केला तो लोकांच्या अर्धमागधीत, हे सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी आपल्या भाषेत शिकू पाहणाऱ्या मुलांची तळमळ समजली पाहिजे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त विश्वस्तांना एक नम्र सूचना करतो. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ कार्यरत आहे. तेथील व महाविद्यालयांतील अभ्यासकांसाठी ट्रस्टने दरवर्षी एक व्याख्यान ठेवावे. विषय जैन विद्येचा असावा, पण वक्त्यावर मताची कोणतीही अट नसावी. पटले नाही, तर प्रश्न विचारावेत, लेख लिहावा, पुढील वर्षी दुसरा वक्ता बोलवावा. या कार्यासाठी माझा यथाशक्ती वाटा देण्यास मी तयार आहे.

ते शिक्षक पुढे बदली होऊन गेले. त्यांची भेट पुन्हा झाली नाही. दरवर्षी संवत्सरीला सर्वांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना त्यांचे जोडलेले हात डोळ्यांपुढे येतात. जे समोर म्हणावयाचे राहून गेले, ते आज या स्मरणिकेत लिहून ठेवतो.

मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.