खेकडा, वारूळ आणि गाठ

परप्रांती बदलून आलेल्या मराठी माणसाची नजर आधी पाट्यांवर जाते. बंगळुरात निम्हान्सजवळ किदवई स्मारक संस्था आहे. 1973 साली स्थापन झालेली, रफी अहमद किदवई यांच्या नावाची. तिला आपण सहज ‘कर्करोगाचे इस्पितळ’ म्हणतो. पण तिच्या कानडी नावात कर्क नाही, ‘गंथि’ आहे. गंथि म्हणजे संस्कृत ग्रंथि, म्हणजे आपली गाठच. इंग्रजी नावातील ‘ऑन्कॉलॉजी’मध्ये जो ग्रीक ‘ऑन्कोस’ दडलेला आहे, त्याचाही अर्थ गोळा किंवा भार. मग आपल्याच बोलण्यात हा खेकडा कोठून शिरला?

तो ग्रीसमधला. हिपॉक्रेटीसच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथांत या व्याधीस ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, असे म्हटले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिनमध्ये ‘कॅन्सर’ हा शब्द वापरला, आणि दुसऱ्या शतकात गेलेनने त्याचे कारण सांगितले: स्तनावरील सुजेच्या दोन्ही बाजूंस फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरतात. अरबी वैद्यांनी हाच प्राणी ‘सरतान’ म्हणून उचलला, व उर्दूत तो आजही नांदतो. आपल्याकडे तो इंग्रजी वैद्यकाबरोबर आला. संस्कृत कर्कट आणि ग्रीक कार्किनोस यांस भाषापंडित एकाच कुळातले मानतात. म्हणूनच की काय, ‘कर्करोग’ हा शब्द कोणास उपरा वाटला नाही. तो चरक-सुश्रुतांपासून चालत आला असावा, असेच पुष्कळांना वाटते.

सुश्रुताचा शब्द निराळा आहे: अर्बुद. कानडी लिखाणात ‘अर्बुद रोग’ अजून भेटतो. याच शब्दाने आपले पूर्वज अबूचा पहाड ओळखीत आणि एक प्रचंड संख्याही मोजीत. हिंदीतला ‘अरब’ हा तिचाच वंशज. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात सुश्रुत ग्रंथि आणि अर्बुद वेगळे सांगतो. अर्बुद वाटोळे, स्थिर, मोठे, खोल मुळांचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. एकावर दुसरे उठले तर ते अध्यर्बुद. रक्तार्बुद व मांसार्बुद त्याने असाध्य ठरविले. या वर्णनातले प्रत्येक अर्बुद आजच्या अर्थाने कॅन्सरच होते, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्यातले एक लक्षण विसरण्याजोगे नाही. ते म्हणजे ‘मंदरुज’, अर्थात फारसे न दुखणारे.

बंगळुरातल्या तमिळ शेजाऱ्यांचा शब्द तर याहून बोलका. ते म्हणतात ‘पुट्रुनोय’. पुट्रु म्हणजे वारूळ; कानडीत तेच ‘हुत्त’. वारूळ चावत नाही, डसत नाही. कोपऱ्यात गुपचूप वाढत राहते.

शब्दांची ही चर्चा मला केवळ विद्वत्तेची वाटत नाही, त्याचे कारण घरचे आहे. आमच्या आत्याबाईंना स्तनात गाठ लागली. त्या वर्षभर कोणास बोलल्या नाहीत, आणि विचारले तेव्हा म्हणाल्या, “दुखत नव्हती रे. तो रोग असता तर नांगी मारली असती ना?” खेकडा धरतो, चिमटतो, हे कोकणात वाढलेल्या बाईस कोणी सांगावयास नको. नावातल्या प्राण्याने त्यांस चुकीची वाट दाखविली. सुरुवातीची गाठ पुष्कळदा दुखत नाही, हे सुश्रुताच्या शब्दात होते, तमिळ वारुळातही आहे. गेलेनच्या चित्रात मात्र नाही, कारण त्याने पाहिली ती शिरा फुगलेली, उशिराची अवस्था.

पुढे आम्हीही तेच केले जे मराठी घरांत होते. रोगाचे नाव घेतले नाही. मुंबईकर अशा वेळी “टाटाला दाखवले” एवढेच म्हणतात. 1941 साली उघडलेल्या रुग्णालयाचे नाव रोगाच्या नावाच्या जागी बसले आहे. आम्ही आत्याबाईंस नुसते “गाठ आहे” म्हणालो. उपचारासाठी त्या माझ्याकडे बंगळुरास आल्या, तेव्हा शेजारच्या कानडी मुलीने त्यांस संस्थेचे नाव वाचून दाखविले. “गंथि म्हणजे?” त्यांनी विचारले. मुलीने मुठीची गाठ करून दाखविली. आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघ, इथे खरे नाव लिहिले आहे. तुम्हीच लपवीत होता.”