पतंगांचे दफ्तर

पावसाळ्यात दिव्याभोवती गोळा होणाऱ्या यच्चयावत जीवांना 'पतंग' या एकाच नावाखाली ढकलून आपण मोकळे होतो. पण त्यांची पहिली रीतसर खानेसुमारी स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली मांडली, आणि तीही रंगावरून नव्हे, तर मिशांवरून. टोकाला गाठ असलेल्या मिशांची ती फुलपाखरे, मध्ये फुगीर मिशांचे ते 'स्फिंक्स', आणि शेंड्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या मिशांचे ते 'फॅलीना', असे तीन तट पाडून त्याने तिसऱ्याचे आणखी सात पोटभाग केले. शिवाय वितीवितीने चालणाऱ्या अळ्यांच्या कुळात फणीदार मिशांच्या पतंगांची नावे 'आरिया'ने आणि साध्या मिशांच्यांची 'आटा'ने संपवावी, लोकरीला लागणाऱ्या कसरीच्या भाऊबंदांची 'एला'ने, असा शिरस्ता त्याने घालून दिला. एखाद्या मुरब्बी फडणिसालाही हेवा वाटावा असा.

आपल्या मुलखात हे दफ्तर उघडले ते लष्करी आणि वैद्यकी पेशाच्या माणसांनी. १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहास मंडळी स्थापणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे एतद्देशीय होते, आणि त्यांच्याच पंक्तीला बसलेल्या कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी दोनच वर्षांत मुंबई व दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांची यादी लंडनला प्रसिद्ध केली.

परंतु यादी करणे निराळे आणि ओळख पटवणे निराळे. निलगिरीत चहाचे मळे सांभाळून विलायतेला परतलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात हिंदुस्थानच्या पतंगांवर चार खंड लिहिले, त्यांत पंखांच्या शिरांना अनुक्रमांक देऊन कोणती शीर कोठून फुटते यावर त्यांनी कुळे बांधली. खवल्यांची भुकटी झडली, रंग विटला, तरी शिरांचा नकाशा पुसला जात नाही. उलट पंखावर बेंझिनचा थेंब सोडला की खवले क्षणभर पारदर्शक होऊन तो अधिकच स्वच्छ दिसतो. पुढच्या पंखाला मागचा पंख अडकवणारा राठ केसही असाच भरवशाचा साक्षीदार: बहुतेक कुळांत नराला तो एकच जाड, मादीला अनेक बारीक.

रंगाची साक्ष किती कच्ची, हे पाहण्यास भंडारा-गडचिरोलीच्या टसर रेशमाच्या पतंगापर्यंत जावे. तेथील नर तांबूस, मादी पिवळसर. अनोळखी माणूस त्या दोन जाती आहेत असे शपथेवर सांगेल. मिशा पाहिल्या तर दोन्हींच्या पिसासारख्याच, फक्त नराच्या अधिक रुंद. आणि पंख उचलून तो अडकवणारा केस शोधू गेल्यास तो नरालाही नाही, मादीलाही नाही, कारण त्यांच्या सबंध कुळालाच तो नसतो, आणि अन्न घेण्याजोगी सोंडही नसते.