ली सिंड्रोम
ली सिंड्रोम हा तंतुकणिकांचा म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांचा दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. त्याचे पहिले वर्णन 1951 मध्ये ब्रिटिश वैद्य डेनिस ली यांनी केले. सुमारे 40,000 जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. 75 हून अधिक जनुकांतील दोष त्यास कारणीभूत ठरू शकतात; काही दोष केवळ आईकडून येतात, तर बरेचसे दोन्ही पालकांकडून.

बहुतेक बाळे पहिले काही महिने निरोगी दिसतात. तीन महिने ते दोन वर्षे या वयात दूध नीट न ओढणे, वारंवार उलट्या, वजन न वाढणे अशी लक्षणे सुरू होतात. पुढची घसरण टप्प्याटप्प्याने होते. साधा ताप आला, की बसू लागलेले मूल मान सावरेनासे होते. ताप उतरतो, पण गेलेली शक्ती पूर्णपणे परत येत नाही. सिंधुदुर्गातील मालवण किनाऱ्यावर पावसाळ्यातील तापाच्या साथींत अशा मुलास म्हणूनच विशेष जपावे लागते. नंतर डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, फिट्स येतात, गिळणे अवघड होते. शेवटी मेंदूतील श्वसनकेंद्र निकामी होते. लवकर सुरू झालेल्या विकारात मृत्यू बहुधा तिसऱ्या वर्षापूर्वी येतो. लक्षणे उशिरा सुरू होणारे रुग्ण मात्र अधिक जगतात.

रक्तातील वाढलेले लॅक्टेट, एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंस दिसणारे सारखे डाग आणि जनुकीय तपासणी यांवरून निदान होते. विकार मुळापासून बरा करणारे औषध नाही. काही मोजक्या जनुकदोषांत थायमिन व बायोटिन ही जीवनसत्त्वे गुणकारी ठरतात, त्यामुळे ती लगेच देऊन पाहणे योग्य. मुलास उपाशी ठेवू नये. फिट्सवरील व्हॅल्प्रोएट हे औषध शक्यतो टाळतात. सिंधुदुर्गातील पालकांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न होणाऱ्या तपासण्यांसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, 2021 नुसार मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे.