युरोव्हिजन गीतस्पर्धा : उगम, विस्तार आणि युरोपबाहेरील लोकप्रियता

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धोत्तर युरोपचा इतिहास लिहिताना मार्शल योजना, नाटो, कोळसा व पोलाद समुदाय आणि १९५७ चा रोम करार यांचा ऊहापोह केला जातो. याच काळात युरोपीय देशांना एकमेकांशी जोडणारी आणखी एक यंत्रणा उभी राहत होती, ती म्हणजे दूरचित्रवाणीचे आंतरराष्ट्रीय जाळे. या जाळ्यावरून १९५६ पासून प्रसारित होणारी युरोव्हिजन गीतस्पर्धा ही करमणुकीची बाब म्हणून अभ्यासकांकडून दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. वास्तविक, 'युरोप' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न या स्पर्धेच्या नियमांमधून आणि वादांमधून जितक्या उघडपणे विचारला गेला, तितका तो राजनैतिक दस्तऐवजांतही क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात या स्पर्धेचा उगम, तिचा विस्तार आणि विशेषतः ऑस्ट्रेलियासारख्या दूरस्थ देशात तिला लाभलेली लोकप्रियता यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

उगम :

युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन ही सार्वजनिक प्रसारण संस्थांची संघटना १९५० मध्ये स्थापन झाली. निरनिराळ्या देशांतील दूरचित्रवाणी केंद्रे परस्परांशी जोडून एकच कार्यक्रम एकाच वेळी सर्वत्र दाखविणे हे त्या काळी अवघड तांत्रिक कार्य होते. जून १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमधील मोंत्रो येथील पुष्पोत्सव आणि त्याच देशात भरलेली विश्वचषक फुटबॉल स्पर्धा यांच्या प्रसारणाने या जाळ्याची पहिली चाचणी झाली. परंतु जाळे उभारले तरी त्यावरून नियमित दाखवावे काय, हा प्रश्न शिल्लकच होता. स्विस प्रसारण क्षेत्रातील मार्सेल बेझांसों यांच्या पुढाकाराने गीतस्पर्धेची कल्पना पुढे आली. त्यासाठी इटलीत १९५१ पासून भरणाऱ्या सानरेमो महोत्सवाचा नमुना समोर होता.

पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पार पडली. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, बेल्जियम, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि इटली या सात देशांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली. यजमान देशाच्या लिस आसिया विजयी ठरल्या. मतदान गुप्त होते व गुणांचा तपशील पुढेही कधी प्रसिद्ध झाला नाही. त्या वेळी दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरांत असल्याने अनेकांनी हा कार्यक्रम रेडिओवरच ऐकला. ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे जी स्पर्धा पोशाख, प्रकाशयोजना आणि रंगमंचीय चमत्कृतींसाठी ओळखली गेली, तिचा आरंभ बव्हंशी श्रवणाचाच होता. पुढच्याच वर्षी इटलीचे गीत पाच मिनिटांहून अधिक लांबल्याने तीन मिनिटांची मर्यादा कटाक्षाने पाळली जाऊ लागली व ती आजतागायत कायम आहे.

युरोपबाहेर या स्पर्धेतील गीत पोहोचण्यास फार काळ लागला नाही. १९५८ मध्ये इटलीच्या दोमेनिको मोदुन्यो यांचे, 'व्होलारे' या नावाने परिचित असलेले गीत तिसऱ्या क्रमांकावर राहिले. मात्र तेच गीत अमेरिकेतील विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेले आणि १९५९ मध्ये प्रथमच देण्यात आलेल्या ग्रॅमी पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्कृष्ट गीताचा मान त्याला मिळाला. परीक्षकांचा कौल आणि श्रोत्यांची पसंती यांतील ही तफावत पुढेही वारंवार दिसून येते.

भाषा, राष्ट्र आणि गायक :

१९६५ मध्ये स्वीडनने इंग्रजी गीत सादर केल्यानंतर १९६६ पासून प्रत्येक देशाने आपल्याच राष्ट्रभाषेत गावे असा नियम करण्यात आला. १९७३ मध्ये तो शिथिल झाला, १९७७ मध्ये पुन्हा लागू झाला आणि १९९९ मध्ये अखेर रद्द झाला. १९७४ मध्ये ब्रायटन येथे स्वीडनच्या 'आबा' या गटाने 'वॉटर्लू' हे गीत इंग्रजीत गाऊन विजय मिळविला, तो नेमका या शिथिल काळात. नियम कायम असता तर जगभर गाजलेल्या या गटाची वाटचाल कशी झाली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

भाषेचे बंधन असले तरी गायकाच्या नागरिकत्वाचे बंधन मात्र नव्हते. लक्झेंबर्गने ही स्पर्धा पाच वेळा जिंकली. त्यांपैकी चार गायक फ्रेंच व एक गायिका ग्रीक होती. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडला विजय मिळवून देणाऱ्या सेलिन दियाँ कॅनडाच्या होत्या. म्हणजेच राष्ट्राभिमानाचे जे प्रदर्शन मतमोजणीच्या वेळी होत असे, त्याचा पाया बराचसा सोयीचा होता.

स्पर्धा राजकारणापासून अलिप्त असल्याचे आयोजक सातत्याने सांगत आले. प्रत्यक्षात घटना निराळे सांगतात. १९७४ मध्ये पोर्तुगालच्या वतीने गायिलेले गीत स्पर्धेत तळाशी राहिले, पण त्याच एप्रिलमध्ये लिस्बनच्या रेडिओवरून ते वाजताच हुकूमशाहीविरोधी सैनिकी उठावाचा पहिला संकेत दिला गेला. १९९३ मध्ये बोस्नियाचा चमू वेढ्यात अडकलेल्या सारायेव्होतून बाहेर पडून आयर्लंडला पोहोचला. २०१६ मध्ये युक्रेनच्या जमाला यांनी क्रिमियन तातारांच्या १९४४ मधील हद्दपारीवरील गीताने विजय मिळविला. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाला वगळण्यात आले, त्या वर्षी युक्रेनच विजयी झाला आणि युद्धामुळे २०२३ ची स्पर्धा त्याच्या वतीने लिव्हरपूलला भरवावी लागली.

'युरोप'ची सीमा :

या स्पर्धेतील सहभाग भूगोलाच्या नकाशावरून ठरत नाही, तर प्रसारण संघाच्या सदस्यत्वावरून ठरतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आखलेल्या 'युरोपीय प्रसारण क्षेत्रा'त भूमध्य समुद्राच्या दक्षिण व पूर्व किनाऱ्यावरील देशही मोडतात. त्यामुळे १९७३ मध्ये इस्रायल आणि १९८० मध्ये, केवळ एकदाच, मोरोक्को सहभागी होऊ शकला. अरब देशांतील इतर सदस्य संस्था पात्र असूनही बाहेर राहिल्या. १९७८ मध्ये इस्रायलच्या सादरीकरणाऐवजी जॉर्डनच्या दूरचित्रवाणीने फुलांचे चित्र दाखविले. २००५ मध्ये पदार्पण करू पाहणाऱ्या लेबनॉनने इस्रायलचे गीत अबाधित दाखविण्याची हमी देता येत नसल्याने माघार घेतली. साम्यवादी देशांचे 'इंटरव्हिजन' हे स्वतंत्र जाळे होते. त्याची गीतस्पर्धा १९७७ ते १९८० या काळात पोलंडमधील सोपोत येथे होत असे. शीतयुद्ध संपल्यावर हे देश युरोव्हिजनमध्ये आले. २००१ मध्ये एस्टोनिया आणि २००२ मध्ये लाटव्हिया विजयी झाले, म्हणजे युरोपीय महासंघाचे सदस्यत्व मिळण्यापूर्वीच. वाढत्या संख्येमुळे २००४ पासून उपांत्य फेरी घ्यावी लागली.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण :

युरोपबाहेरील लोकप्रियतेचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे होय. महायुद्धानंतर इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया, माल्टा आदी देशांतून मोठ्या संख्येने लोक तेथे स्थायिक झाले. गौरवर्णीयांपुरते स्थलांतर मर्यादित ठेवणारे धोरण १९७३ मध्ये संपुष्टात आले आणि बहुसांस्कृतिकतेचा स्वीकार झाला. या धोरणाचे अपत्य म्हणजे एसबीएस ही प्रसारण संस्था. तिची दूरचित्रवाणी सेवा १९८० मध्ये सुरू झाली व १९८३ पासून तिने युरोव्हिजन स्पर्धा दाखविण्यास प्रारंभ केला. मेलबर्नमधील इटालियन किंवा ग्रीक कुटुंबाला आपली भाषा आणि आपले गाणे वर्षातून एकदा राष्ट्रीय वाहिनीवर ऐकता येणे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मात्र केवळ स्थलांतरितांच्या आठवणींवर ही लोकप्रियता टिकली असे म्हणणे अपुरे ठरेल. 'आबा'ची मोहिनी ऑस्ट्रेलियावर आधीपासूनच होती. त्यांचे 'फर्नांदो' हे गीत १९७६ मध्ये तेथे सलग चौदा आठवडे अग्रस्थानी राहिले. बीबीसीचे समालोचक टेरी वोगन यांचे उपरोधिक निवेदन एसबीएसवरूनही अनेक वर्षे ऐकविले जात असे. त्यामुळे युरोपशी कौटुंबिक संबंध नसलेला प्रेक्षकही थट्टेच्या निमित्ताने जवळ आला आणि रमला. युरोपात शनिवारी रात्री होणारी अंतिम फेरी सिडनीत रविवारी पहाटे पाच वाजता सुरू होते. तरीही ती थेट पाहण्यासाठी मंडळी एकत्र जमतात.

२०१४ मध्ये कोपनहेगन येथे ऑस्ट्रेलियाच्या जेसिका माउबॉय यांना पाहुण्या गायिका म्हणून बोलावण्यात आले. २०१५ मध्ये, स्पर्धेच्या साठाव्या वर्षानिमित्त, ऑस्ट्रेलियाला स्पर्धक म्हणून प्रवेश मिळाला. जिंकल्यास पुढील स्पर्धा युरोपातीलच एखाद्या शहरात भरवावी, अशी अट होती. गाय सेबास्टियन पाचवे आले. २०१६ मध्ये दक्षिण कोरियात जन्मलेल्या दामी इम यांनी परीक्षकांचे ३२० गुण मिळवून त्या मतदानात अग्रक्रम पटकावला. परंतु प्रेक्षकांच्या मतांतून त्यांना १९१ गुणच मिळाले आणि एकूण ५११ गुणांसह त्या ५३४ गुणांच्या युक्रेनमागे राहिल्या. कोरियात जन्मलेली गायिका ऑस्ट्रेलियाच्या वतीने युरोपची स्पर्धा जवळजवळ जिंकते, यातच या स्पर्धेच्या सीमांचा प्रवास दिसतो.

इतर प्रयत्न :

अन्यत्र मात्र हे रोप सहजी रुजले नाही. चीनमधील मँगो टीव्हीने २०१८ मध्ये पहिल्या उपांत्य फेरीतील आयर्लंडचे सादरीकरण समलिंगी प्रेमाच्या चित्रणामुळे कापले, तेव्हा प्रसारण संघाने करार तत्काळ रद्द केला. आशियासाठी २०१७ मध्ये घोषित झालेली अशीच स्पर्धा प्रत्यक्षात न येता २०२१ मध्ये गुंडाळली गेली. अमेरिकेत २०२२ मध्ये राज्याराज्यांतील स्पर्धेचा एकच हंगाम झाला. उलट, रशियाने सप्टेंबर २०२५ मध्ये मॉस्को येथे 'इंटरव्हिजन'चे पुनरुज्जीवन केले व त्यात भारताचाही गायक होता. विजय व्हिएतनामला मिळाला.

दूरच्या प्रेक्षकाला खरा अधिकार मिळाला तो २०२३ मध्ये. सहभागी नसलेल्या देशांतील प्रेक्षकांची ऑनलाइन मते एकत्र मोजून ती जणू एकाच देशाची आहेत असे मानले जाऊ लागले. पुण्यातील वा नैरोबीतील रसिकाचे मतही आता त्यात जमा होऊ शकते, अर्थात शुल्क भरून. पण या अधिकारासोबत वादही आले. गाझातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर २०२४ व २०२५ मध्ये इस्रायलला मिळालेल्या प्रेक्षकमतांवर, सरकारी प्रचारमोहिमेचा आक्षेप घेत, अनेक प्रसारण संस्थांनी प्रश्न उपस्थित केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाने प्रत्येकास देता येणाऱ्या मतांची कमाल संख्या २० वरून १० केली. त्याने समाधान न झाल्याने डिसेंबरमध्ये स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड येथील संस्थांनी २०२६ च्या व्हिएन्ना येथील स्पर्धेतून माघार घेत असल्याचे जाहीर केले. त्यांतील नेदरलँड्स हा १९५६ मध्ये लुगानोच्या रंगमंचावर सर्वप्रथम गीत सादर करणारा देश होता.