उद्योगमंडळे आणि कारागिरांचे शिक्षण : ब्रिटनच्या १९६४ च्या कायद्याचा अनुभव

कारागिरांच्या शिक्षणाची दिशा उद्योगांनीच ठरवावी, हे मत आज सर्वमान्य आहे. परंतु त्या शिक्षणाचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. या दृष्टीने ब्रिटनमधील औद्योगिक प्रशिक्षण मंडळांचा इतिहास उद्बोधक ठरतो.

१९५८ साली कार समितीने आपल्या अहवालात प्रशिक्षण ही उद्योगांची स्वतःची जबाबदारी आहे, सरकारने तीत हात घालू नये, अशी शिफारस केली. परंतु कुशल कामगारांची टंचाई काही हटेना. याचे कारण उघड होते. जो कारखानदार पैसा खर्चून उमेदवारांना शिकवी, त्याच्याकडील तयार कारागीर शेजारचा कारखानदार थोड्या जास्त वेतनाचे आमिष दाखवून ओढून नेई. शिकविणाराच्या पदरी तोटा आणि न शिकविणाराच्या पदरी नफा, अशी ही स्थिती होती. केवळ आवाहनाने ती पालटणे शक्य नव्हते.

१९६२ च्या श्वेतपत्रिकेने हे मान्य केले आणि मार्च १९६४ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण कायदा संमत झाला. या कायद्यान्वये एकेका उद्योगासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन करावयाचे होते. मालक व कामगार संघटना यांचे प्रतिनिधी त्यावर समसंख्य असत. शिक्षणक्षेत्रातील सभासदही असत. मात्र मंडळाचे खरे बळ त्याच्या रचनेत नसून लेव्ही बसविण्याच्या अधिकारात होते. प्रत्येक मालकाकडून वेतनखर्चाच्या प्रमाणात सक्तीची पट्टी घ्यावयाची आणि जो योग्य प्रशिक्षण देईल त्याला तीतून अनुदान द्यावयाचे, अशी ही योजना होती. अभियांत्रिकी मंडळाने ही पट्टी शेकडा अडीच इतकी ठेविली होती.

या योजनेविरुद्ध लवकरच तक्रारी उठल्या. अनुदानासाठी लागणारे कागदपत्र लहान कारखानदारांना जड जात. पट्टी भरूनही आपल्या हाती काही येत नाही, असे त्यांना वाटे. या तक्रारी निराधार नव्हत्या. १९७३ च्या कायद्याने पट्टीवर सामान्यतः शेकडा एकची मर्यादा घातली आणि समाधानकारक प्रशिक्षण देणाऱ्यांना तीतून सूट दिली. पुढे १९८१ च्या कायद्यानंतर बहुतेक मंडळे विसर्जित झाली व त्यांची जागा स्वेच्छेने चालणाऱ्या संस्थांनी घेतली.

बांधकाम मंडळ मात्र टिकले आणि त्याची लेव्हीही टिकली. या धंद्यात कामगार एका कामावरून दुसऱ्या कामावर सतत फिरत असतो आणि बरेचसे काम पोटकंत्राटदारांकडून होते. त्यामुळे शिकविण्याचा खर्च एकाने करावा व लाभ दुसऱ्याने घ्यावा, हा दोष येथे सर्वांत तीव्र असतो. सामाईक निधीची गरज जेथे मालकांनाच पटली, तेथे मंडळ जगले, असे यावरून अनुमान निघते.

भारताने १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात निराळा मार्ग धरला. येथे मालकावर बंधन आले ते सामाईक निधीचे नव्हे, तर ठराविक प्रमाणात उमेदवार घेण्याचे. २०१४ च्या दुरुस्तीने या कायद्यातील कारावासाची शिक्षा काढून टाकली. अलीकडे स्थापन झालेल्या क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदांत उद्योगांचा शब्द महत्त्वाचा मानला जातो. परंतु ब्रिटिश मंडळांप्रमाणे सक्तीची पट्टी गोळा करण्याचा अधिकार त्यांना नाही. म्हणून या परिषदांचे मूल्यमापन करताना त्यांनी किती अभ्यासक्रम आखले एवढेच मोजून भागणार नाही. त्या त्या उद्योगाने उमेदवारांच्या शिक्षणाचा किती भार प्रत्यक्ष उचलला, हेही अभ्यासकांनी पाहिले पाहिजे.