‘गेर्प्ला’ : सागावाङ्मयाचे एक आधुनिक पुनर्कथन

मध्ययुगीन सागावाङ्मय हे आइसलँडच्या राष्ट्रीय अस्मितेचे अधिष्ठान मानले जाते. त्यामुळे सागांचे पुनर्कथन हा तेथे केवळ वाङ्मयीन प्रश्न राहत नाही. पूर्वजांच्या वारशावर अधिकार कोणाचा, हा प्रश्नही त्यात अंतर्भूत असतो. हाल्दोर लाक्सनेस (१९०२–१९९८) यांच्या दोन उपक्रमांवरून हे स्पष्ट होते.

१९४१ साली लाक्सनेस यांनी ‘लाक्सदाइला सागा’ आधुनिक लेखनपद्धतीत प्रसिद्ध केली. तिला तीव्र विरोध झाला आणि त्याच वर्षी आइसलँडच्या संसदेने कायदा करून १४०० पूर्वीच्या ग्रंथांच्या प्रकाशनाचा अधिकार शासनाकडे घेतला. १९४२ मध्ये ‘ह्राफ्नकात्ला’ याच पद्धतीने निघाल्यावर खटला झाला. परंतु १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुद्रणस्वातंत्र्याच्या आधारे आरोपींस दोषमुक्त केले. वस्तुतः जी ‘प्राचीन’ लेखनपद्धती पवित्र मानली जात होती, ती एकोणिसाव्या शतकातील भाषाभ्यासकांनी प्रमाणित केलेली होती. हस्तलिखितांत तशी एकरूपता आढळत नाही.

‘गेर्प्ला’ (१९५२) या कादंबरीत लाक्सनेस यांनी नेमकी उलट दिशा स्वीकारली. येथे भाषा जुन्या वळणाची, पण दृष्टी विसाव्या शतकाची आहे. तिचा मुख्य आधार ‘फोस्तब्रैद्रा सागा’ होय. मूळ कथेत थोर्गेइर हा वीर अनेकांशी झुंजत पडतो. कादंबरीत दोन भटके त्याला झोपेतच ठार करतात. मूळ कथेत कवी थोर्मोद १०३० च्या स्तिक्लेस्तादच्या रणांगणावर राजा ओलाफसाठी प्राण वेचतो. कादंबरीत राजाची खरी योग्यता कळून चुकलेला हा कवी, लढाईच्या आदल्या रात्री राजाने काव्य म्हणावयास सांगितले असता, ते आता आपल्याला आठवत नाही, असे उत्तर देतो.

या फेरफाराचे मर्म काळात आहे. नुकतेच दुसरे महायुद्ध संपले होते. सैन्य नसलेला आइसलँड १९४९ मध्ये नाटोत सामील झाला आणि १९५१ च्या करारान्वये अमेरिकी सैन्य तेथे आले. अशा वेळी शौर्याचे गुणगान करणाऱ्या कवीची जबाबदारी कोणती, हा ‘गेर्प्ला’चा प्रश्न आहे. नायकापेक्षा त्याची कीर्ती रचणाराच येथे अधिक दोषी ठरतो, आणि त्याचे मौन हेच त्याचे प्रायश्चित्त होय. अनेक आइसलँडी वाचकांना ही कादंबरी वारशाची विटंबना वाटली. तथापि सागेची शैली इतक्या निष्ठेने आत्मसात केल्यावाचून तिच्या वीरादर्शाची अशी परीक्षा घेणे शक्य झाले नसते.